जानेवारीत वडिलांसोबत धबधब्यापर्यंतची एक दिवसाची पायपीट : पाणी कुठे उरलेले असते आणि वाट कोणती घ्यावी?

शेवंती_पुणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझे वडील यंदा बहात्तर वर्षांचे झाले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि दर सुट्टीत मुलांना घेऊन ते कुठल्या ना कुठल्या गडावर असत. गेल्या काही वर्षांत गुडघ्यांची झीज झाल्यामुळे हे सगळे थांबले आहे. डॉक्टरांच्या मते सपाटीवर किंवा हलक्या चढावर चालायला काहीच हरकत नाही, मात्र उंच पायऱ्यांची मोठी उतरण त्यांनी टाळावी. रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी प्रकृती ठणठणीत आहे.

धबधबा पाहायची त्यांची इच्छा जुनी आहे. पावसाळ्यात मी त्यांना नेले नाही, कारण निसरड्या वाटेवर तरुणांच्या झुंडीतून त्यांना सांभाळून नेणे मला शक्य वाटले नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला सुट्टी आहे आणि तेव्हा जावे असे आमचे ठरते आहे. गाडीने थेट कठड्यापाशी जाऊन, फोटो काढून परत येणे हा पर्याय बाबांना मान्य नाही. "काचेतूनच बघायचा असेल तर दूरदर्शनवर काय वाईट दिसतो?" हे त्यांचे उत्तर. दिवसभरात निदान दोन-तीन तास पायी चालणे झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

माझी अडचण अशी की ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी "जानेवारीत कुठला धबधबा?" असे म्हणून विषय संपवला. खरोखरच त्या सुमारास सह्याद्रीत कुठेही पाहण्याजोगे पाणी नसते का? असेल तर पुण्याहून पहाटे निघून रात्री परत येता येईल, चालणे होईल पण गुडघ्यांवर भार येणार नाही, अशी जागा कोणती? अशा वयाच्या माणसाला हिवाळ्यात नेताना कोणती काळजी घ्यावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जांभा_कातळ

आपल्याला मिळालेले उत्तर अर्धे खरे आहे. सह्याद्रीतले नव्वद टक्के धबधबे दिवाळीनंतर आटतात असे मोघम म्हणायला हरकत नाही, पण उरलेले का आटत नाहीत हे पाहिले की जागा निवडणे सोपे होते. आपले वडील भूगोलाचे शिक्षक असल्याने जरा विस्ताराने लिहितो, कंटाळा आल्यास त्यांना वाचायला द्यावे.

आपला घाटमाथा म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा बेसाल्ट आहे. त्यातला घट्ट काळा कातळ पाणी जवळजवळ शोषतच नाही. पाऊस पडला की पाणी कातळावरून वाहते, ओढ्यात उतरते आणि कड्यावरून कोसळते. पाऊस थांबल्यावर मागे साठा नसल्याने आठवडाभरात त्या धारेचा ओघळ होतो. माळशेज, वरंध, ताम्हिणी या घाटांमध्ये रस्त्याच्या कडेला जुलैत दिसणारे शेकडो धबधबे याच प्रकारचे आहेत. ऑक्टोबरअखेर तिथे कातळावर पाण्याचा पांढुरका डाग तेवढा शिल्लक असतो.

जिथे माथ्यावर जांभ्याची, म्हणजे लाल भोकाभोकांच्या दगडाची, टोपी आहे तिथे चित्र वेगळे असते. जांभा सच्छिद्र असतो. चार महिने तो पाणी पीत राहतो आणि पुढचे कित्येक महिने ते खालच्या घट्ट थराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने सोडत राहतो. महाबळेश्वर-पाचगणीचे पठार, साताऱ्याजवळचा कासचा सडा (उघडे कातळी पठार) आणि दक्षिणेकडे आंबोली ही याची ठळक उदाहरणे आहेत. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांची उगमस्थाने एकत्र मानली जातात, त्यामागे श्रद्धा आहेच, पण बारमाही झऱ्यांनी भरलेला हा जांभ्याचा माथाही आहे. रस्ता खोदताना जांभा जिथे उभा कापला गेला आहे तिथे जानेवारीतही थांबून पाहावे. वरचा लाल, भोकाभोकांचा थर कोरडा दिसतो, पण तो आणि त्याखालची पिवळट चिकणमाती जिथे भेटतात त्या रेषेवर करंगळीएवढे ओघळ पाझरत असतात आणि नेमके तेवढ्याच पट्ट्यात नेचे हिरवे राहिलेले असते. त्या हिवाळ्यात ओढ्यांना पाणी टिकेल की नाही, याचा अंदाज मी तो पट्टा पाहून बांधतो.

तिसरा प्रकार धरणाखालच्या धबधब्यांचा. भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा प्रवरेवर, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे त्याचे पाणी महिन्यावर अवलंबून नसून धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी सोडण्याचे आवर्तन चालू असेल तर ऐन उन्हाळ्यातही नदी वाहताना दिसेल, नसेल तर नोव्हेंबरातही निराशा होईल. नुसत्या भरवशावर तिकडे जाऊ नये, असे माझे मत आहे.

या सगळ्याचा विचार करता आपल्यासाठी मी महाबळेश्वरचा लिंगमळा धबधबा सुचवीन. तो वेण्णा नदीवर आहे. इथून निघालेले पाणी कण्हेर धरणातून पुढे जाऊन साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते, ही साखळी आपल्या वडिलांना तोंडपाठ असेल. मात्र अपेक्षा माफक ठेवा. जुलै-ऑगस्टमधला पांढरा लोट जानेवारीत दिसणार नाही. कड्यावरून दोन-तीन बारीक धारा उतरताना दिसतील आणि वाऱ्याची झुळूक आली की त्या मध्येच विस्कटतील. मला स्वतःला हेच रूप अधिक आवडते, कारण धुके नसल्यामुळे लाव्हाचे थर एकावर एक कसे बसले आहेत ते कड्यावर मोजता येते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा साधला तर पाणी नक्कीच जास्त असेल. सुट्टी महिनाभर आधी घेता येत असेल तर विचार करावा.

पसरणीघाट

वरील सूचनेला माझे अनुमोदन आहे. मी या भागातलाच असल्याने प्रत्यक्ष जाण्यायेण्याविषयी लिहितो.

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघून सुरूर फाट्याला वळायचे, वाई गाठायची आणि पसरणी घाट चढून पाचगणीमार्गे महाबळेश्वरच्या वाटेला लागायचे. गाव येण्याच्या पाच-सहा किलोमीटर आधी लिंगमळ्याचा फाटा आहे. एकूण अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचला निघालात तर वाईत न्याहारी करूनही नऊ-साडेनऊपर्यंत पोहोचाल.

मात्र पोहोचल्या पोहोचल्या खाली उतरू नका. लिंगमळा आणि वेण्णा तलावाचा परिसर खोलगट आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आजूबाजूच्या उंचवट्यांवरची थंड, जड हवा घरंगळत या खळग्यात येऊन बसते. म्हणूनच गावात दहा-बारा अंश तापमान असतानाही इथे गवतावरचे दव गोठते. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत वेण्णा तलावाच्या जेटीवर आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर जमलेल्या हिमकणांचे फोटो येतात ते इथलेच. हे पाहायला लवकर जाणे योग्य असले तरी वाटेवरचे दगड तेव्हा ओलसर असतात. तासभर वेण्णेच्या काठाने सपाटीवर फिरावे, ऊन चांगले वर येऊ द्यावे आणि दहाच्या पुढे जंगलात शिरावे.

तिकीट काढून आत गेल्यावर झाडीतून वाट जाते आणि पुढे दोन फाटे फुटतात. एक फाटा छोट्या धबधब्याकडे जातो. तिथे ओढा पसरट कातळावरून उतरतो आणि पाण्याच्या अगदी जवळ बसता येते. दुसरा मुख्य धबधब्याच्या समोरच्या कठड्याकडे उतरतो. पहिला फाटा आपल्या वडिलांना सहज जमेल. दुसऱ्यावर ओबडधोबड दगडी पायऱ्या आहेत, काही उंच आहेत आणि सर्वत्र हाताला आधार नाही. त्यामुळे आधी छोटा धबधबा करावा, गुडघे कसे बोलतात ते पाहावे आणि मगच दुसऱ्या फाट्याचा निर्णय घ्यावा. उतरताना जितका वेळ लागेल त्याच्या दीडपट वेळ चढताना लागेल असे धरून चालावे. थांबत, बसत, पाहत दोन्हींना मिळून दोन तास सहज जातात.

तेवढ्याने आपल्या वडिलांचे समाधान झाले नाही, आणि पत्र वाचून तरी होणार नाही असे दिसते, तर जेवणानंतर लॉडविक पॉइंटला जावे. गाडी जिथे थांबते तिथून हत्तीच्या मस्तकासारख्या टोकापर्यंत डोंगराच्या सोंडेवरून तांबडी वाट जाते. चढउतार फारसा नाही. १८२४ साली जनरल लॉडविक हा अधिकारी हा डोंगर चढून आला, त्याच्या स्मरणार्थ तिथे स्तंभ उभारलेला आहे. समोर प्रतापगड दिसतो. पश्चिमेची बाजू असल्याने दुपारी तिथे ऊन भरपूर असते आणि थंडीचा त्रास होत नाही.

नाताळ ते नववर्ष हा काळ सोडून आपण जात आहात, हे उत्तमच. तरीही शक्यतो शनिवार-रविवार टाळा. आणि खाण्याची पिशवी हातात ठेवू नका. इथली माकडे वयाचा मान ठेवत नाहीत.

रानवाटा_२०

लिंगमळा चांगला असला तरी तिथे पर्यटनस्थळाचे वातावरण आहे. कणीस, भेळ, घोडे यांतून बाहेर पडेपर्यंत निसर्ग हरवतो. आपल्या वडिलांनी आयुष्यभर गड चढले असतील तर त्यांना देवकुंड अधिक भावेल, असे मला वाटते. रायगड जिल्ह्यात भिरा-पाटणूसच्या बाजूने वाट सुरू होते. सुरुवातीला भिऱ्याच्या जलाशयाच्या काठाने सपाट चालणे आहे, मग दाट झाडी लागते आणि शेवटी तीन बाजूंनी कडे असलेल्या कुंडात धबधबा कोसळताना दिसतो. पुण्याहून ताम्हिणी घाटाने एका दिवसात जाऊन येता येते. पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघत असतात, हिवाळ्यात मात्र कुंडाचे पाणी निळसर आणि स्वच्छ असते. वाटेतल्या भिऱ्याच्या जलविद्युत केंद्राचा विषयही भूगोलाच्या शिक्षकांना आवडेल. मुळशीचे पाणी डोंगर फोडून खाली आणून १९२७ पासून तिथे वीज निर्माण केली जाते.

घसारा

रानवाटा यांनी देवकुंडाचे केलेले वर्णन खरे आहे, पण या विशिष्ट प्रश्नाला ते उत्तर म्हणून मला मान्य नाही. त्याची कारणे स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण अशा सूचनांवर भरवसा ठेवून ज्येष्ठांना तिकडे नेणारी मंडळी मी पाहिली आहेत.

देवकुंडाला एका बाजूचे चालणेच दोन तासांच्या आसपास आहे, तेही धडधाकट माणसाला. पहिला टप्पा सपाट आहे हे बरोबर. शेवटचा टप्पा मात्र ओढ्यातल्या मोठमोठ्या धोंड्यांवरून जातो. गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला सर्वांत जड काय जात असेल, तर लांब अंतर नव्हे आणि चढही नव्हे. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकताना गुडघा वाकलेला असतानाच सगळे वजन त्यावर येते, ते जड जाते. आणि परतीची वाट तीच असल्यामुळे, थकल्यावर तेच धोंडे पुन्हा पार करावे लागतात. मध्येच गाडी बोलावण्याची सोय नाही, मोबाइलला रेंजही भरवशाची नाही. कुंडात बुडून मृत्यू झालेले आहेत. पाणी शांत दिसते म्हणून ते उथळ असते असे नाही.

हिवाळ्यातल्या वाटांबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, तो असा की पाऊस नाही म्हणजे निसरडे नाही. प्रत्यक्षात जानेवारीत दोन वेगळ्या प्रकारची निसरड असते. पहिली म्हणजे घसारा. पावसात चिकटून बसलेली मुरमाची बारीक खडी सुकल्यावर सुटी होते आणि उतारावर बुटाखाली गोट्यांसारखी फिरते. त्यावर वाळलेले गवत आडवे पडलेले असले तर खाली काय आहे तेही कळत नाही. दुसरी निसरड पाण्याच्या कडेला असते. धबधबा बारीक झाल्याने पूर्वी भिजणारा कातळ आता कोरडा दिसतो, पण त्यावर काळपट शेवाळाचा पातळ पापुद्रा वाळून बसलेला असतो. त्यावर ओला बूट पडला की तो पापुद्रा क्षणात साबणासारखा होतो. म्हणून नियम सोपा ठेवावा. फिकट करड्या, खरखरीत दगडावर पाय द्यावा आणि काळा, गुळगुळीत दगड कितीही कोरडा दिसला तरी सोडून द्यावा.

वडिलांना दोन काठ्या द्याव्यात, एक नव्हे. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवावी, म्हणजे पुढे टेकवून गुडघ्यावरचा भार हातांवर घेता येतो. काठी वापरायला ते नाही म्हणतील. सगळेच वडील म्हणतात. आपण स्वतः दोन काठ्या घेऊन चालायला लागावे, मग फार वाद होत नाहीत. उतरताना आपण त्यांच्या एक पाऊल पुढे आणि किंचित बाजूला राहावे, मागून दंड धरू नये. मागून धरल्यास त्यांचा तोल जाईल तेव्हा आपलाही जाईल.

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे राहून जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्यामुळे गोळी कधी घ्यावी आणि पाणी किती प्यावे, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे आणि आपल्या मनाने गोळी पुढे-मागे करू नये. कपडे एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थरांत असावेत. चालताना घाम येतो, धबधब्यापाशी बसल्यावर तोच घाम गार पडतो आणि म्हाताऱ्या माणसांना थंडी तिथे बाधते. एक कोरडा बनियन आणि कानटोपी पिशवीत राहू द्यावी.

आणखी एक गोष्ट, जी फारसे कोणी सांगत नाही. दरीतल्या उभ्या कड्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. समोरच्या कड्यावर काळपट, अर्धगोल, लोंबती आकृती दिसली तर आरडाओरडा, धूर आणि अत्तर या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात. शेजारचा कोणी विडी-सिगारेट पेटवत असेल तर त्याला नम्रपणे थांबवावे, तो ऐकत नसेल तर आपण तिथून निघावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला माश्यांपासून पळता येत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहीत आहे. एका दिवसाची अट आपण थोडी सैल केलीत तर हिवाळ्यासाठी दूधसागराला तोड नाही, असे मी ठामपणे म्हणेन. मांडवीवरचा हा धबधबा चार टप्प्यांत सुमारे ३१० मीटर उतरतो आणि जानेवारीतही त्याला धबधबा म्हणावे इतके पाणी असते. पावसाळ्यात जिपांची वाट बंद असते, ती ऑक्टोबरच्या सुमारास उघडते.

धारबांदोडा तालुक्यातल्या कुळे गावातून जिपा सुटतात. भगवान महावीर अभयारण्यातून, ओहोळ ओलांडत गाडी जाते आणि शेवटचा टप्पा पायी असतो. हा टप्पा लांब नाही, पण दगडधोंड्यांचा आहे, तेव्हा घसारा यांनी गुडघ्यांविषयी जे लिहिले ते इथेही लागू पडते. अगदी खालच्या कुंडाशी उतरण्याचा हट्ट न धरता, आधीच्या मोकळ्या जागेवरून धबधबा आणि त्याच्या मध्यावरून जाणारा रेल्वेचा पूल पाहून समाधान मानले तर आपल्या वडिलांना जमेल. सकाळची पहिली जीप घ्यावी. अकरानंतर कुंडावर जत्रा भरते.

महाराष्ट्रातून येणारी काही मंडळी रेल्वेच्या रुळांवरून चालत दूधसागर गाठण्याचा बेत करतात. तो मुळीच करू नये. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाटाचा भाग आहे, चढ सदतिसाला एक (सदतीस मीटर अंतरात एक मीटर) इतका तीव्र आहे, बोगदे अरुंद आहेत आणि मालगाड्या सतत चालू असतात. रुळांवर शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी तिथे आलेल्या पर्यटकांना रुळांजवळ उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत आपण पाहिली असेल. शिक्षेची ती रीत मला पटली नाही, बंदी मात्र पटते.

हिवाळ्याशी निगडित असलेली एक काळजीही सांगतो. सत्तरी तालुक्यात आणि आपल्याकडच्या दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण आढळतात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात हा आजार प्रथम ओळखला गेला. गोचिडीच्या चाव्यातून तो पसरतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका भटकंतीचाच असतो. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण या बाजूच्या जंगलात येणार असाल तर पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, पाचोळ्यावर बसकण मारू नये आणि घरी परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा व कानामागची जागा तपासावी. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवावे. परतल्यानंतरच्या आठवडाभरात अचानक मोठा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर आपण कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेवंती_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाने उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती.

जांभा_कातळ यांचे उत्तर मी बाबांना वाचून दाखवले. ते त्यांनी मध्येच थांबवले आणि उरलेला भाग स्वतःच मला सांगितला. तेव्हा लिंगमळा निश्चित झाला. देवकुंडाचा मोह त्यांना झाला होता, पण घसारा यांचा धोंड्यांविषयीचा परिच्छेद ऐकल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दूधसागराचा बेत आम्ही आईलाही घेऊन, मुक्कामाने, वेगळा आखू.

बाबांनी नकाशा काढून नवा प्रस्ताव मांडला आहे, त्याविषयी आपले मत हवे. त्यांच्या म्हणण्यानुसार जांभ्याचाच न्याय लावायचा तर कासजवळच्या भांबवलीचा वजराई धबधबाही जानेवारीत वाहता असला पाहिजे. सकाळी लिंगमळा करून, केळघरच्या घाटाने मेढ्याला उतरून, दुपारी साताऱ्यामार्गे भांबवली गाठावी आणि तिथून पुण्याला परतावे. एका दिवसात दोन धबधबे होतील का?

पसरणीघाट

आपल्या वडिलांचा तर्क बिनचूक आहे, वेळेचा हिशेब मात्र बसत नाही. लिंगमळ्याहून साडेबाराला निघालात असे धरले, तरी केळघर घाट उतरून, मेढा करून, साताऱ्यात जेवून पुन्हा यवतेश्वरचा घाट चढायचा आहे आणि कासच्याही पुढे जायचे आहे. घाटांच्या वळणांवर बहात्तर वर्षांचे गुडघे गाडीत दुमडून इतका वेळ बसले की उतरल्यावर ते लगेच सरळ होत नाहीत. भांबवलीला पोहोचेपर्यंत चार वाजतील. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या सावलीत वाट त्याच्याही तासभर आधी अंधारते. रानगव्यांचा वावर असलेल्या त्या भागात संध्याकाळी पायी असणे बरे नाही.

जांभा_कातळ

पूर्ण सहमत. वजराई तीन टप्प्यांचा आहे आणि स्थानिक लोक त्याला बारमाही म्हणतात. जानेवारीत त्याची धार बारीक असते, पण असते. परंतु त्याला स्वतंत्र दिवस द्यावा आणि तो पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात द्यावा. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, पाणी भरपूर असते आणि वाटेतला कासचा सडा फुललेला असतो. कासला त्या दिवसांत प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, तेवढे लक्षात ठेवावे.

लिंगमळ्याला जाताना वडिलांना एक काम मात्र द्यावे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अवघ्या वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही पडत नाही. रस्त्याच्या कडेच्या जांभ्यातले ओले पट्टे पाचगणी सोडल्यावर नेमके कुठून दिसू लागतात, ते त्यांनी गाडीतून टिपावे आणि जमल्यास इथे कळवावे. त्या जागा मला माझ्या नोंदींशी ताडून पाहायच्या आहेत.

घसारा

बुटांविषयी लिहायचे राहिले होते. नवे बूट घेणार असाल तर आजच घ्या आणि बाबांना रोज सकाळच्या फेरीला तेच घालून पाठवा. घोट्याच्या वर येणारे, खाचा खोल असलेल्या रबरी तळाचे असावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना नखे दुखावतात. दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो.